मोनोपॉडची योग्य उंची

१ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणे, गुडघा काही खरा नाही, काठी वापरा. मी म्हटलं, काठी म्हातारे वापरतात. त्यांनी माझं वय फाइलवर पुन्हा वाचलं. अगदी मोठ्याने. रिक्षात नीरा दोनदा म्हणाली, अहो, ऐका जरा. ऐकलं. विषय संपला.

३ नोव्हेंबर
नातीचा, अबोलीचा फोन. तिचा सिद्धार्थशी साखरपुडा पंचवीसला, इथेच अकोट्याच्या हॉलमध्ये. म्हणाली, आजोबा, अंगठी घालतानाचा फोटो तुम्हीच काढायचा, तुमच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर. मागून तिच्या बापाचा, म्हणजे आमच्या देवेशचा आवाज: बाबांना खुर्चीत बसू दे गं, फोटोग्राफर ठरलाय.
खुर्चीत बसायला मी काय मांडलेला रुखवत आहे?
संकल्प: फोटो मीच काढणार. उभ्याने.

५ नोव्हेंबर
मोनोपॉड आणला. एका पायाचा स्टँड, लांब-आखूड होणारी नळी, वर स्क्रू, त्यावर कॅमेरा. हात कापत नाही. (माझा तसाही कापत नाही.) दुकानदार नंदू गुजरातीत म्हणाला, काका, चालवा माटे पण सरस छे, म्हणजे चालायलाही उत्तम. बिचाऱ्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
कमाटीबागेत सराव. मोनोपॉडची योग्य उंची बऱ्याच प्रयोगांती सापडली: कमरेइतकी. हाताला काय सुख! फक्त कॅमेरा बेंबीपाशी येतो. रेंजफाइंडरचं असं की खिडकीला डोळा लावायचा, आत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, रिंग फिरवून त्या एकावर एक बसवायच्या, की झाला फोकस. बेंबीला डोळा नाही. बरं, नळी डोळ्यापर्यंत लांबवली तर टेकायला, म्हणजे कॅमेऱ्याला टेकायला, आधार उरत नाही.
फोटो: एकही नाही. पूर्ण चक्कर मात्र न बसता झाली. चांगल्या उपकरणाचा हाच फायदा.

९ नोव्हेंबर
खंडेराव मार्केटला भाजी. मोनोपॉड बरोबर. चांगला फोटो सांगून येत नाही. शेजारचे भास्करराव भेटले. म्हणाले, वा, घेतलीत का शेवटी काठी? त्यांना स्क्रू दाखवला, नळीचे जोड दाखवले, सगळं शास्त्र समजावलं. शांतपणे ऐकून विचारतात, कॅमेरा कुठाय? म्हटलं, आज लाइट बरोबर नाही. माणूस खवचट. मेथीसुद्धा माझ्या आधी उचलली.

१७ नोव्हेंबर
नवी पद्धत: कमरेवरूनच, न बघता, अंतर अंदाजाने. नीराला गॅलरीत उभं केलं होतं, तो रोल आज धुऊन आला. निऱ्या अप्रतिम शार्प. पदराचा काठ तर हात लावावासा वाटेल असा. चेहरा एकाही फोटोत नाही. नीरा म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या निऱ्यांकडे आत्ता लक्ष गेलं का?
अबोलीची उंची वेगळी आहे. काळजी नाही.

२४ नोव्हेंबर
थोडी काळजी आहे. अंगठी एकदाच घालतात.

२५ नोव्हेंबर
हॉलमधून आत्ताच आलो. सविस्तर लिहितो.
ठरवलेला फोटोग्राफर आधीच स्टेजवर ठाण मांडून. अबोलीने त्याला बाजूला केलं. भैया, पहले मेरे दादाजी. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. नळी डोळ्यापर्यंत लांबवली. खिडकीत दोन अबोल्या, दोन सिद्धार्थ. रिंग फिरवली, जवळ येताहेत, येताहेत, आणि गुडघ्याने दगा दिला. देवेश खुर्ची घेऊन धावला. तेवढ्यात मागून कमरेला दोन हातांचा विळखा. नीरा. भर हॉलमध्ये! कानात म्हणाली, काढा आता, मी धरलंय. सिद्धार्थ बिचारा अंगठी हवेत धरून थांबलेला. अबोली म्हणाली, आजोबा, सावकाश, बोट कुठे पळून जात नाही. दोनाची एक अबोली झाली. क्लिक.
मोनोपॉडशिवाय हे शक्य नव्हतं.

३० नोव्हेंबर
फोटो आला. किंचित हललाय. नीरा हसत होती, त्याचा हादरा. तिला बोलून दाखवलं. म्हणाली, पुढच्या वेळी मोनोपॉडलाच सांगा मिठी मारायला. अबोलीला मात्र सगळ्यांत हाच आवडला. लग्नालाही तुम्हीच, म्हणाली. लग्न करजणला, बारा तारखेला. फाटकापासून मांडव बराच लांब आहे म्हणे.
त्या दृष्टीने मोनोपॉडमध्ये एक त्रुटी लक्षात आली. वरचा स्क्रू तळहाताला टोचतो.

२ डिसेंबर
नंदूकडे जाऊन स्क्रूवर वाकडी लाकडी मूठ घट्ट बसवून घेतली. खाली रबरी टोपण. पकड झकास. घरापर्यंत एकदाही थांबलो नाही. नीराने नुसती मूठ पुसून दिली. करजणला कॅमेरा मी हातातच धरणार. मला धरायचं काम तिच्याकडे. तसं तिनेच ठरवलंय.
त्या स्क्रूवर आता कॅमेरा बसत नाही. तेवढं सोडलं तर मोनोपॉड अगदी मनासारखा झालाय.