वेगळी रांग

डेनिया, स्पेन

चि. मर्टल हिस आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझा मुरंबा फुटला नाही. खोकला कसा आहे?

विमानतळावर तुझे भावोजी वीस वर्षांच्या सवयीने युरोपियनांच्या रांगेत शिरले. पोलिसाने दुसरीकडे बोट दाखवलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ब्रिटिशांची रांग वेगळी. "अहो, मी इथलाच आहे," म्हणून त्याच्याशी भांडले.

घरी येताच मी रहिवासाचा अर्ज पुढे केला. "मी युरोपियन नाही. अर्ज कसला करायचा?" म्हणाले आणि दुपारची झोप काढायला गेले.

अर्ज केला नाही, तर तीन महिन्यांत त्यांना देश सोडावा लागेल. माझा परवाना आहे. लिंबं आत्ता कुठे धरलीत. मी हलणार नाही.

तू समजाव. नाहीतर तुझ्याकडची मागची खोली झाडून ठेव. ते एकटेच येतील, आणि दुपारी तीनच्या आत जेवत नाहीत.

तुझी,
विनीताई