ठमीची टोपली माळ्यावर ठेवली आहे

बाबा,

तुम्ही ठमीला फिरवायला गेलात आणि माझी गाडी खाली येऊन उभी राहिली, म्हणून लिहून ठेवते.

आई गेल्यावर मी ठरवलं होतं की ठमीला माझ्याकडे न्यायचं. तिच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, गोळी चुकली की खोकून खोकून अर्धमेली होते, आणि तुम्ही तर या एवढ्याशा कुत्रीला कायम उंदीर म्हणत आलात. काल मी तिची प्रवासाची टोपली दाराशी आणूनही ठेवली.

आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. तुम्ही फरशीवर बसला होतात. गोळी अंड्याच्या बलकात दडवलीत, तरी तिने तोंड फिरवलं. मग तो घास तुम्ही आईसारखा आधी स्वतःच्या ओठांशी नेलात, मिटक्या मारल्यात आणि म्हणालात, "नको तर राहू दे, बाई. मीच खातो." तिने लगेच तुमच्या हातातून पळवला. आई हे नाटक करायची तेव्हा तुम्ही पेपरातून डोकं वर काढत नाही, असं मला वाटायचं.

ठमी तुमच्याकडेच राहील. पट्टा गळ्याला नको, छातीलाच बांधा. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका. तिच्या डॉक्टरीणबाईंना आत्ताच फोन करून सांगितलं की यापुढे वडील येतील. त्यांनी विचारलं, "जमेल त्यांना?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगलं जमतं." जरा मोठ्यानेच म्हटलं.

फक्त मिटक्या तुम्ही आईपेक्षा जोरात मारता. तिने ऐकल्या असत्या तर चिडवून बेजार केलं असतं.

तुमची लेक