परवाना नसलेला गावकरी

कोमिझा, विस बेट
४ मार्च १९७८

ती. आंद्रोदादास,
दिंकाचा सा. न. वि. वि. आई बरी आहे, म्हणजे जीभ बरी आहे, पाय गेलेच. तू येणार म्हणून तिने दोनदा भिंती धुवायला लावल्या. पण दादा, तुझा बेटावर यायचा परवाना नाकारला. मी इथल्या लष्कराच्या मेजरसमोर तुझ्या बाप्तिस्म्याची नोंद ठेवली. तो म्हणाला, बाई, जन्म नका सांगू, पासपोर्ट कुठला ते सांगा. अमेरिकेचा म्हटल्यावर, बेटावर लष्कराचा तळ आहे, परक्याला बंदी, असं म्हणून त्याने कागद परत केला.

शाळेसाठी मी गावाचा इतिहास लिहितेय. ग्रीक आले, व्हेनिसवाले, इंग्रज, ऑस्ट्रियन, इटालियन आले. परवाना कुणी मागितला नाही. मागितलास तो तूच. आपल्या गल्लीत आता तीनच घरांतून धूर निघतो, बाकी सगळे तिकडे अमेरिकेत, तुझ्याच शेजारी. वर तोफा, खाली समुद्र, मधे आम्ही दोघी. कधीकधी जीव कोंडतो.
लोभ आटू देऊ नकोस.
तुझी दिंका

सान पेद्रो, कॅलिफोर्निया
२८ मार्च

चि. दिंकास,
अ. उ. आ. पत्र मासेमारीच्या बोटीवर दोनदा वाचलं. समोरच्या स्प्लिट शहरापर्यंत तर मला येता येतं ना? आईला तिथे आण. तेवीस वर्षं तिला तू एकटीने सांभाळलंस, तुझी पन्नाशी आली. त्याचा दोष माझ्याकडेच येतो. आईला सांग, मिशा काढल्यात, ओळखावं म्हणजे झालं.
तुझाच,
आंद्रो

कोमिझा
२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. आईला बोटीपर्यंत न्यायचं कसं, म्हणून मेजरकडे गेले. त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, परक्याला आत घेणं माझ्या हातात नाही, आईला बाहेर पोचवणं आहे. चार शिपाई तिला खुर्चीसकट उचलून नेणार आहेत. आई म्हणते, इतक्या वर्षांत लष्कर पहिल्यांदाच कामाला आलं! वीस तारखेला स्प्लिटच्या धक्क्यावर उभा राहा.
भेटीची वाट पाहणारी,
दिंका

कोमिझा
९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. आई गेल्याची तार मिळाली असेल. तुला सांगू नकोस म्हणून आईने घातलेली शपथ आता मोडते.

जूनमध्ये भेटून तू परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बेटावर परत निघणार होतो. धक्क्यावर आई अडून बसली. बोटीत चढणार नाही, इथे स्प्लिटला मारेमावशीकडेच राहणार म्हणाली. मी चारचौघांत भांडले. म्हटलं, म्हातारपणी घर सोडतेस? बाबांच्या कबरीशेजारची जागा तुझी आहे, ते तिथे एकटे आहेत. तेव्हा म्हणाली, त्यांच्याकडे जायला तू आहेस. मला बेटावर पुरलंत, तर आंद्रो फुलं कुठे ठेवेल?

मंगळवारी तिला स्प्लिटमध्येच पुरलं. मग मी एकटीच बोटीत बसले.

आता इकडे अमेरिकेला ये, असं तू लिहिशील. पण बाबांकडे कुणीतरी जायला हवं ना? काल त्यांच्या शेजारची जागा साफ केली. पाद्रीबाबांनी विचारलं, ही कुणाच्या नावावर लिहू? मी माझं नाव सांगितलं.
तुझ्या मायेची,
दिंका