टेकडीवरची नऊशे रोपं

२ जुलै, सकाळी ६
संकल्प : बोडक्या टेकडीवर जंगल उभं करणे. काल सभेत पाऊण तास बोललो. "गवत म्हणजे जमिनीचं दारिद्र्य!" टाळ्या. ठराव मंजूर. दादाच्या मेंढ्या तिथेच चरतात, पण तो विरोधात बोलला नाही. मूक संमती.

११ जुलै
नऊशे रोपं लागली. (मी चार. कंबर.) भोवती तारेचं कुंपण. दादा मेंढ्या घेऊन फाटकाशी उभा. म्हणाला, "बाबा रे, तिथं झाड कधीच नव्हतं. ती गवताचीच जागा." मी म्हटलं, झाडं तोडली म्हणूनच गवत आलं. कुठल्या पुस्तकात वाचलं, आठवेना. शोधणे.

२० ऑगस्ट
जेवताना वहिनी म्हणाली, "भावजी, झाडं वाढेपर्यंत मेंढ्यांना काय तुमची भाषणं घालू?" सगळे हसले. मीही. विचार रुजायला वेळ लागतो.

९ ऑक्टोबर
दादाने मेंढ्या विकल्या. साठच्या साठ. मी त्याला रोपवनाचा मानद रक्षक नेमलं. पाणी पिऊन उठला. भारावला असावा.

१४ जानेवारी
कुंपणात गवत छातीएवढं, पिवळंधमक. रोपं दिसत नाहीत, म्हणजे वाऱ्यापासून सुरक्षित. दादा म्हणाला, "चरायला कुणी नाही. एक ठिणगी पुरे. कापून टाक." रविवारी नक्की, म्हटलं.

२ फेब्रुवारी
रविवारी व्याख्यान होतं. त्याच्या पुढच्या रविवारी सर्दी. दादा म्हणाला, "मी कापतो." नको म्हटलं. माझं जंगल, माझी जबाबदारी. या रविवारी विळा घेऊन जाणारच. वहिनीलाही तसं सांगून ठेवलं.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी विळा घेऊन निघालो. वाटेत ग्रंथालयात डोकावलो. 'वृक्ष आणि संस्कृती'वर दोन पानं झाली, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. टेकडी पेटली होती. दादा सगळ्यांच्या आधी वर धावला. मी खालून लोकांना हाका मारल्या. तेही कुणीतरी करायला हवंच. एकही रोप उरलं नाही. दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

९ फेब्रुवारी
नव्या भाषणाची सुरुवात सुचली : "ज्याने विरोध केला, त्यानेच झाडांसाठी आगीत उडी घेतली!" सभागृह हेलावेल.

१२ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताची बोटं वळतील असं वाटत नाही. दादाला म्हटलं, झाडांसाठी तू जिवावर उदार झालास.
तो म्हणाला,
"कसली झाडं? तू वर गवत कापतोयस असं ही म्हणाली. धुरात तुला हाका मारत हिंडलो."
मग पाणी मागितलं. पेला मी धरला. निम्मं सांडलं.