पिंपातलं विरजण

सोमवार, ३ तारीख
लागले बाबा एकदाची नोकरीला. दवाखान्यात, ओपीडीच्या औषधांच्या खिडकीवर देखरेख. म्हणजे काय, तर माणसं हातमोजे घालतात का, टोकन पुढे सरकतंय का, एवढं बघायचं. मामाने चिकटवलं. म्हणाला, शाळेत कायम वर्गाबाहेर उभी असायचीस, आता खिडकीच्या आत बस, पण माकडचाळे करू नकोस. बघू.

मागच्या खोलीत खोकल्याच्या औषधाचं भलं मोठं पिंप आहे. लोक बाटली आणतात, ढवळ्या नरसाळ्याने भरून देतो. दिवसभर दांड्याने ढवळतो म्हणून ढवळ्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या इनचार्ज, मला लगेच पवळी म्हणायला लागल्या. वाण नाही पण गुण लागेल म्हणे.

देखरेख करणाऱ्याने रोज सकाळी एक चमचा चाखायचा, हा बाईंचा नियम. चाखलं. गोड, कोमट आणि चमच्याला लांब तार. शी. तरी आईसाठी एक बाटली नेली. तिच्या खोकल्याने अख्खं घर जागं असतं.

मंगळवार, ४
पिंप कधी धुता, असं ढवळ्याला विचारलं, तर त्याने मी दूध धुवायला सांगितल्यासारखं बघितलं. म्हणे तळाशी जुनं ठेवावंच लागतं, विरजणासारखं, त्याशिवाय नवं लागत नाही. कडेला बोटभर करडी साय. त्याने ती बोटाने निपटली आणि चाटली. माझा डबा तसाच घरी गेला.

लोकांची उरलेली औषधंही परत त्याच पिंपात. रिकामी बाटली आणली तर बाई माघारी पाठवतात. मी म्हटलं, बाई, हे उष्टं आहे. त्या म्हणाल्या, उष्टं कसलं, घरचंच आहे.

ढवळ्याची तंतरावी म्हणून जाताना पिंपात हिरवी रबरी पाल सोडली. उद्या मजा.

गुरुवार, ६
काल मजा नाही, आज पण नाही. गडी शांतपणे ढवळतोय. तो जेवायला गेला तेव्हा डाव तळापर्यंत घालून बघितला. पाल नाही. डावाला केसांचा गुंता आणि खाली काहीतरी मऊ, दाबलं की आक्रसणारं. मनात पाल चुकचुकली.

सकाळच्या चमच्यात गाठ होती. थुंकणार होते, पण बाई माझ्या गळ्याकडे टक लावून उभ्या. गिळली.

पण आईचा खोकला थांबला. काल दुसरी बाटली दिली, घरात सगळे घोरत पडले. मग कशाला बोला? आईला एवढंच सांगितलं, रिकामी बाटली परत घेत नाहीत.

शुक्रवार, ७
रांग सरळ करायला आज पहिल्यांदा खिडकीबाहेर गेले. खोकल्याची एवढी मोठी रांग, आणि कोणीच खोकत नव्हतं. नंबर जवळ आला की माणूस भिंतीकडे तोंड करतो, खाकरतो, बाटली तोंडाला लावतो. पीत नाही. भरतो. ओठ पुसतो आणि बाटली खिडकीत देतो. ढवळ्या ती पिंपात ओततो.

मी ते रोज चमचा चमचा—

मोरीत भडाभडा ओकले. वर पाणी ओतलं. ते पाण्याबरोबर जाईना. तार धरून उलटं सरकलं, मागच्या खोलीकडे.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पिंप काय आभाळातून भरतं?

शनिवार, ८
गेले नाही. आईला म्हटलं, फेक ती बाटली. ती म्हणाली, पिणं कधीच सोडलं, आता भरतेय. तूच म्हणालीस ना पवळे, रिकामी चालत नाही.

पवळी हे नाव मी घरी सांगितलेलं नाही.

बाटली उजेडात धरली. करडं, कोमट, अर्ध्यापर्यंत. आत हिरवी शेपटी. फक्त शेपटी. हलत होती.

मग बाकीची पाल—

गुरुवारची ती गाठ.

रविवार
आई बाटली घेऊन समोर बसलीय. म्हणते खाकर, अडवून धरू नये, जिवाला बरं नसतं.

नाही उघडणार तोंड. लिहीन, पण उघडणार—

चुकचुकतंय. मनात नाही. गळ्यात. पंजे रोवत वर

आई पाठीवरून हात फिरवतेय, लहानपणी फिरवायची तस