बहुप्रसवा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
११ जाने. १९९८
शाळेचं संमेलन. मु.अ.नी माइकवरून माझी ओळख करून दिली : "आमच्या मराठीच्या बाई म्हणजे बहुप्रसवा लेखिका. अकरा पुस्तकं. घरात पाळणा हलला नाही, ती कसर कागदावर भरून काढली." लोक हसले. मी आभार मानून खाली बसले. स्वतःचाच राग येतोय.

१२ जाने.
कोश काढला. बहुप्रसवा : पुष्कळ पिलं घालणारी. शब्दात खोट नाही. जमीन सुपीक. पुरुष लेखकाचं लेखन विपुल. बाईनं लिहिलं की ती व्याली.

१४ जाने.
अव्वांच्या कानावर गेलंच. "काय म्हणाला त्यो मास्तर?" अर्थ सांगितला.
"म्हशीला म्हणत्यात तसं?"
"व्हय."
"आन् तू गप बसलीस?"
मूल नाही म्हणून अठरा वर्षं मला कुणाच्या ओटीभरणाला न नेणारी माझी सासू. म्हणते, "मी किती बोलले, तुझं लिव्हणं थांबलं न्हाय. मग त्याला काय भ्यायचं?"

१९ जाने.
सातवी ब. फळ्यावर तीन शब्द : सुपीक, विपुल, बहुप्रसवा. अर्थ आणि वाक्यात उपयोग.
एकीनं विचारलं, "बाई, पुरुषाला म्हणायचं तर?" म्हटलं, शेवटचा काना काढ.
तिनं लिहिलं : 'आमचे मुख्याध्यापक बहुप्रसव वक्ते आहेत.'
व्याकरण बरोबर. पूर्ण गुण दिले.

२१ जाने.
मु.अ.च्या टेबलावर ती वही.
"माफीपत्र द्या. नाहीतर प्रकरण संस्थेकडे जाईल. मुलीच्या वडलांनाही बोलावतो."
"तिला यात ओढू नका सर. शब्द तुमचा, धडा माझा."

२२ जाने.
पत्र दिलं. माफी नाही. 'माझ्या मूल नसण्यावर आपण सर्वांसमोर बोललात. २६ तारखेला झेंडावंदनानंतर सर्वांसमोरच शब्द मागे घ्यावेत.' पोच घेतली.
हे म्हणाले, "नोकरी जाईल."
जाऊ दे. पुस्तक बारावं चालू आहे, ते काही थांबत नाही.

२४ जाने.
उत्तर नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी.

२६ जाने., सकाळ
अव्वा नवं लुगडं नेसून दारात. माझ्या शाळेत आजवर पाऊल टाकलेलं नाही.
"पयल्या रांगंत बसणार. माझ्या तोंडाकडं बघून बोलू दे की."
"आणि नाहीच बोलले तर?"
"मग मी उठते. चप्पल घाल, उशीर झालाय."