हिरवा पट्टा कोणाचा?

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून मनातच बोलत होते तुमच्याशी. आज मात्र कागद घेऊन बसले. राग आलाय, आणि तो तुमच्याशिवाय कोणावर काढू?

सकाळी आमच्या खाणवाल्यांच्या शाळेत झेंडावंदन झालं. मुलांना तिरंग्याचे रंग मीच समजावले, तुमच्याच शब्दांत. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे खरेपणा. आणि हिरवा? "हिरवा म्हंजे आपलं जंगल, पोरी!" म्हणत तुम्ही डोंगराकडे बोट दाखवायचात. सवयीनं मीही दाखवलं. तिथे आता नुसती लाल माती. मुलं खाणीकडे बघत राहिली.

घरी येऊन आत्याला सांगितलं, तर तांदूळ निवडता निवडता ती थांबली. "तुले कोनीच सांगतलं नाई का वं? खाणीसाठी तुया बापानंच तं पयले हात वर केला होता."

आपल्या ग्रामसभेत भूमियाचा हात वर झाल्याशिवाय कोणी हात उचलत नाही. आणि गावाचे भूमिया, पिढीजात प्रमुख, तुम्ही! मला काय म्हणाला होतात? "मी त्या दिवशी चंद्रपूरले होतो, माया माघारी झालं." किती सहज खोटं बोललात, बाबा! तुमची बाजू घेऊन आई गावाशी भांडली. गावाला खरं ठाऊक होतं, तरी कोणी आम्हाला सांगितलं नाही. आम्ही दोघी काय वेड्या होतो?

"काऊन केलं त्यानं?" मी विचारलं.

"तुले शाळेत नोकरीले लावून देतो म्हनले होते खाणवाले."

म्हणजे ही माझी नोकरी! मला एकदा विचारायचं तरी होतं. मी आयुष्यभर मोहफुलं वेचली असती की! आणि त्याग म्हणे! त्याग आपल्या वस्तूचा करतात. डोंगर साऱ्या गावाचा होता.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही फाटकापर्यंत सोडायला आलात, डोळे पुसत होतात. मला वाटलं, आनंदानं रडताय. तो दिवसही आता माझा राहिला नाही.

परवा डोंगराच्या दुसऱ्या अंगावरच्या नव्या खाणीसाठी ग्रामसभा आहे. खाणीच्या साहेबांचा निरोप आलाय, "बाई, तुमचे वडील फार समजूतदार होते." वचन देते बाबा, परवा मी उभी राहीन आणि माझ्या बापानं हात कशासाठी वर केला होता, ते साऱ्या गावासमोर सांगेन. नोकरी जाईल. तुमचं नावही जाईल. त्यानंतरच मी "नाई" म्हणेन.

अजूनही तुमचीच,
सुमन